अर्जदार हयात

निमगाव सावाच्या तलाठी कार्यालयात २००३च्या मार्च महिन्यात एक माणूस स्वतःच्या मरणाची नोंद करायला आला. कागदपत्रं सगळी होती. फक्त तो मेलेला नव्हता.

"भाऊसाहेब, एवढं आपलं करून टाका," भिमाजी म्हणाला. डोक्यावरची टोपी काढून त्याने टेबलावर ठेवली आणि खिशातून घडी घातलेला अर्ज काढला. "माझ्या मागं बायको द्रौपदा आन् पोरगी आरती. दोघींची नावं सातबाऱ्याला लागली पायजेल."

हनुमंत तलाठ्याने अर्ज दोनदा वाचला. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्याने मेलेल्या माणसांना जिवंत दाखवणारे कागद पुष्कळ पाहिले होते. उलटा प्रकार पहिल्यांदाच येत होता.

"भिमाजी, वारसनोंद मेल्यावर होते. आधी मृत्यूचा दाखला लागतो."

"तो घेऊन मी कसा येणार?"

"म्हणूनच वारसांनी यायचं असतं."

"त्यांना हेलपाटं नकोत म्हणून तर मी आलो." भिमाजीचा आवाज अगदी सरळ होता, जणू तो खताची गोणी आगाऊ सांगून ठेवत होता. "मला एक्केचाळीस सरलं. आमच्यात पंचेचाळिशी कुणी बघितलेली न्हाई. तुमाला म्हाईतच हाय की."

माहीत सगळ्या गावालाच होतं. ओढ्याकाठच्या मळईत राहणारं हे घर म्हणून त्यांना मळईवाले म्हणत, आणि मळईवाल्यांची पंचेचाळिशी हा निमगावात बोलण्याचा विषयच राहिला नव्हता. दुसऱ्या घरात नवरा बायकोला विहिरीवरची मोटार चालू करायला शिकवू लागला की लोक म्हणत, नवरा हौशी आहे. मळईत शिकवू लागला की म्हणत, चाळिशी आली वाटतं. पाइपलाइनचे कॉक कुठे पुरलेत, कुठल्या बांधावरून भांडण आहे, कुणाला बैल द्यायचा नाही, हे सगळं तिथले पुरुष चाळिशीत बायकांना दाखवून ठेवत आणि मग निवांत मरत. कुणी म्हणे पिंपळावरचा मुंजा, कुणी म्हणे विहिरीचं पाणी. विहिरीचं पाणी पिऊन बायका मात्र ऐंशी-ऐंशी वर्षं जगत, त्याचा कुणी विचार केला नव्हता.

"तब्येतीचं काय आहे?" हनुमंताने विचारलं.

भिमाजीने दाराकडे बघितलं. "रगात पडतंय. मूळव्याध हाय. बेल्ह्याच्या बाजारात एक पुडीवाला बसतो, त्याच्या पुड्या चालू हायेत. पण मूळव्याधीनं मी मरत न्हाई. मी आपला वयानं मरणार."

हनुमंताने अर्जावर आवक क्रमांक टाकला. सरकारी माणूस दुसरं काय करणार? नाकारायला कलम सापडत नव्हतं, मंजूर करायलाही सापडत नव्हतं. पण भिमाजी गेल्यावर त्याने कपाटातून फेरफाराच्या जुन्या वह्या खाली काढल्या. जमीन कुणाकडून कुणाकडे गेली ते या वह्यांत लिहिलेलं असतं, आणि जमीन बहुतेक वेळा माणूस मेल्यावरच हलते.

१९४४ साली गेणभाऊ मयत. वारस मुलगे रखमाजी आणि सोमाजी, दोघे अज्ञान, अ.पा.क. आई. १९७४ साली रखमाजी मयत. वारस मुलगा भिमाजी, अज्ञान, अ.पा.क. आई चिमाबाई. १९८१ साली सोमाजी मयत, मूलबाळ नाही.

अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. बाप गेला आणि मूल अठराचं नाही, की त्याच्या नावापुढे ही तीन अक्षरं लागतात. ती हनुमंताने शेकडो वेळा लिहिली होती. एकाच खात्यात दोन पिढ्या मात्र त्याने सलग पाहिल्या नव्हत्या, आणि तिसरीचा अर्ज आत्ता त्याच्या पेपरवेटखाली होता. आरतीला चौदावं चालू होतं.

हनुमंताची मुलगी कल्याणी पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात नर्स होती. दुर्बिणीच्या नळीने पोट तपासतात त्या विभागात. त्या रविवारी ती घरी आली तेव्हा त्याने गंमत म्हणून अर्जाची हकीकत सांगितली. कल्याणी हसली नाही.

"पप्पा, हे सगळे कशाने गेले?"

"वहीत ते नसतं. माणूस कशाने मेला याच्याशी जमिनीला काही देणंघेणं नाही."

"आम्हाला असतं," ती म्हणाली. मग भाकरी बाजूला ठेवून तिने बापाला मोठ्या आतड्याचा नकाशा ताटातच काढून दाखवला. आतड्याच्या आतल्या अंगाला कधीकधी मांसाचे बारीक कोंब येतात, त्यांना पॉलिप म्हणतात. बहुतेक काही करत नाहीत. काही मात्र वर्षानुवर्षं गप्प बसून हळूहळू वाढतात आणि एक दिवस त्यांचा कॅन्सर होतो. काही घराण्यांत हे रक्तातच असतं, तिथे ते लवकर आणि भराभर होतं, चाळिशीतच. "पण त्याच्या आधी नळी घालून पाहिलं आणि कोंब दिसला, तर तिथल्या तिथे तारेचा फास टाकून काढता येतो. दुखत नाही. काढला की तो कोंब संपला. दर वर्ष-दोन वर्षांनी परत बघायचं."

"एवढंच?"

"एवढंच. आमच्या मॅडम पहिला प्रश्न विचारतात, घरात कोण कोण, कितव्या वर्षी, कशाने गेलं? आणि पप्पा, लोक इथेच खोटं बोलतात."

कोण आणि कधी, हे वहीत होतं. कशाने, ते ज्या एका माणसाला माहीत असणार ती चिमाबाई होती.

ती खळ्यात कांद्याची पात कापत बसली होती. सहासष्ट वर्षांची, विळ्यासारखी वाकलेली आणि विळ्याइतकीच धारदार. हनुमंत बांधावर बसला. याच बांधावर त्याची आई शेजारच्या गावाहून कांदे काढायला यायची, आणि चिमाबाईची सासू तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतायची. ही नोंद कुठल्याच वहीत नव्हती. ती हनुमंताला पाठ होती, आणि चिमाबाईलाही असावी, कारण तिने आत जाऊन तांब्या-भांडं आणलं आणि त्याच्या हातात दिलं.

"मावशी, रखमाजी कशाने गेले?"

"काविळीनं."

"आणि तुमचे सासरे?"

"काविळीनं."

"सोमाजी?"

"भाऊसाहेब, तुमी तलाठी हायसा का फौजदार?"

हनुमंताने मग कल्याणीने सांगितलेलं सगळं सांगितलं. कोंब, फास, नळी. चिमाबाई पात कापत राहिली. त्याचं बोलणं संपलं तेव्हा तिच्या हातातला विळा थांबला.

"काढता येतंय म्हन्ता?"

"वेळेत बघितलं तर."

तिने कापलेली पात बाजूला सारली.

"कावीळ लोकांना सांगता येती," ती म्हणाली. "म्हून कावीळ. रगात जायचं त्यांना. चार म्हैनं धोतरं धुतली म्या, पाटाच्या खालच्या अंगाला, दिवस उगवायच्या आत. हातानं धुतलं त्ये तोंडानं कुणाला सांगू? माझ्या सासूनं सासऱ्याची धुतली व्हती. तिनंच मला सांगितलं, मी या घरात आल्यावर पंधरा वर्सांनी. म्हणाली, चिमे, चाळिशी झाली की धोतराकडं ध्यान ठेव." विळा परत चालू झाला. "आता द्रौपदाला सांगायची येळ आली व्हती."

दुसऱ्या घरांत सासू सुनेला पुतळ्यांची माळ देते. दोन पिढ्यांचं निदान या घरातल्या बायकांना तोंडपाठ होतं, आणि गाव पिंपळाला नारळ फोडत होतं.

"म्हणजे तिघंच," तो वहीत लिहीत म्हणाला.

"चौघं. माझी नणंद लंकाबाई. तीबी तशीच गेली, अठ्ठेचाळीसची व्हती."

"तिची नोंद नाही माझ्याकडे."

"कशी असंल? ती आणे गावाला दिलेली. मेली त्यांच्या बुकात." आणि एवढं बोलून चिमाबाई थबकली. आपणच आत्ता काय बोललो ते तिला ऐकू आलं होतं. "भाऊसाहेब, माझी साळूबी हाय की. थोरली. घोडेगावला दिलेली."

हनुमंताने पेन खाली ठेवलं. मळईवाल्यांची पंचेचाळिशी ही पुरुषांची पंचेचाळिशी आहे, असं सगळं गाव समजत होतं, कारण गावाकडे हिशोब पुरुषांचाच होता. मुलगी लग्न करून गेली की तिचं मरणही सासरी जमा होतं. आणि अठ्ठावीस वर्षं अशाच वह्या हनुमंतही लिहीत होता.

"साळुबाईंचं वय?"

"चव्वेचाळीस."

भिमाजीला तयार करायला चिमाबाईला जेमतेम अर्धा तास लागला.

"खालून नळी?" तो ओरडला. "आये, गावात तोंड दाखवाया जागा ऱ्हायची न्हाई मला!"

"तोंडाला काय करत न्हाईत रं ते."

"आन् काय निघालं तरी मराण चुकतंय व्हय? आपल्यात आजवर कुनी..."

"आजवर तुला आय व्हती, पोरा. मला सांग, आरतीला कोन पाळनार? द्रौपदा? तिनंबी माझ्यावानी पाटावर बसायचं?" ती एवढंच बोलली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "टमाट्याची बगलफूट कोन खुडतं?"

"मीच."

"कंदी?"

"बोटाएवढी व्हायच्या आत." आणि भिमाजी तिथेच अडकला, कारण टोमॅटोच्या बाबतीत तो खोटं बोलत नसे.

साळुबाईचं काम अवघड होतं. तिला काहीच होत नव्हतं. धडधाकट बाई, डोक्यावर गवताचा भारा घेऊन डोंगर चढणारी. तिच्या सासरी जाऊन तुमच्या सुनेच्या आतड्यात नळी घालायची आहे म्हणावं, तर सोयरीक तुटायची. चिमाबाई एसटीने घोडेगावला गेली आणि दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊनच आली.

"काय सांगितलंत?" हनुमंताने विचारलं.

"पुण्याच्या देवाला नवस हाय म्हनलं. माहेरचा. भावाबहिनीनं जोडीनं जायाचं, आदल्या दिशी अन्न वर्ज्य, निसतं तीर्थ प्यायचं. घागरभर."

"कुठला देव म्हणून नाही विचारलं?"

"लई कडक देव हाय म्हनलं. नाव घ्यायचं नसतं."

हनुमंताच्या घरच्यांनी १९५६ सालीच देव विसर्जन केले होते. या एका देवाला मात्र त्याने हरकत घेतली नाही.

विश्रांतवाडीला कल्याणीच्या दोन खोल्या होत्या आणि त्यांना एकच संडास होता. तीर्थ माणशी चार लिटर होतं, चवीला खारट. ते पोटात गेल्यावर काय होतं हे कल्याणीने आधी सांगितलं होतं, पण ऐकणं वेगळं आणि भोगणं वेगळं. दुपारपासून बहीणभावांत जी चढाओढ लागली तशी लहानपणी बोरांवरूनही लागली नसेल.

"साळे, बाहेर ये! बाहेर ये म्हन्तो ना!"

"मोठी हाय मी तुझ्यापेक्षा! दम काढ!"

चिमाबाई दारात बसून पंचाचं काम करत होती. शेजारची बाई पाहुणे आले म्हणून पोह्यांची बशी घेऊन आली, तिला चिमाबाईने उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. मग ती आत जाऊन कल्याणीच्या ओट्यापाशी उभी राहिली, तिच्याच पिठाच्या तिने चार भाकरी थापल्या, दोन कल्याणीला वाढल्या आणि उरलेल्या दोन स्वतः तिच्या शेजारी बसून खाल्ल्या. त्यावर कुणी काही बोललं नाही. खोलीत त्या वेळी त्याहून तातडीचे विषय होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या बाकावर हनुमंत आणि चिमाबाई बसले. आत आधी भिमाजीला नेलं. चिमाबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली. तिला घड्याळ वाचता येत नव्हतं, पण मोठा काटा फिरतो एवढं कळत होतं.

अर्ध्या तासाने डॉक्टर मॅडम बाहेर आल्या. लहानशी, चष्मेवाली, भरभर बोलणारी बाई.

"भिमाजींचे दोन छोटे पॉलिप होते, काढले. रक्त त्यातून येत नव्हतं. त्यांना खरंच मूळव्याध आहे."

म्हणजे बेल्ह्याचा पुडीवाला बरोबर होता. हनुमंताला आयुष्यात बरेच धक्के बसले होते, त्यात याची भर पडली.

"मग ते कोंब दुखत न्हवतं?" चिमाबाईने विचारलं.

"ते दुखत नाहीत, आजी. तेच तर वाईट. रक्त आलं म्हणून तुम्ही आलात, ते बरं झालं."

मग साळुबाईला नेलं. काटा अर्धा फिरला. पूर्ण फिरला. वरून आणखी थोडा फिरला. एवढ्या वेळात कल्याणी एकदाच बाहेर डोकावली. "वेळ लागेल. मोठा आहे," एवढं बोलून परत आत गेली. काय मोठा, हे चिमाबाईने विचारलं नाही. ती हनुमंताला म्हणाली, "पाटावर असताना निदान पानी तरी व्हतं. हाताला काम व्हतं. हितं काय करू?"

हनुमंताने बाकावर तिच्याजवळ सरकून बसण्यापलीकडे काही केलं नाही. तलाठ्याच्या अधिकारात तेवढंच येत होतं.

मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. सुपारीएवढा कोंब, आतड्याच्या पार उजव्या टोकाला. एका फासात येईना म्हणून तुकड्यातुकड्याने काढला, न फाडता, न रक्त सांडता. ज्या बाईला काहीच होत नव्हतं तिच्या पोटात हा बसला होता. "दिसला तेवढा सगळा काढलाय. आत खोल रुजला होता की नाही, ते तपासणीचा रिपोर्ट सांगेल. दहा दिवस."

चिमाबाईने मॅडमचे हात हातात घेतले, उलटेसुलटे करून बघितले. बारीक हात होते. "या हातानं?" तिने विचारलं. मॅडम लाजल्या. डॉक्टरांना लाजताना हनुमंताने पहिल्यांदा बघितलं.

ते दहा दिवस चिमाबाई खळ्यात दिसली नाही. निमगावच्या एसटीडी बूथबाहेर बसलेली दिसायची. फोन येणार होता दहाव्या दिवशी, पण लवकर आला तर कुणी उचलायचा, असं तिचं म्हणणं. बूथवाल्याने तिसऱ्या दिवशी तिला खुर्ची दिली, पाचव्या दिवशी चहा, आणि सातव्या दिवशी येणाऱ्याजाणाऱ्याला "आवरतं घ्या राव, आजीचा फोन यायचाय" असं सांगायला लागला.

फोन दहाव्या दिवशी दुपारी आला. हनुमंताने घेतला. कल्याणी हळूहळू, एकेक शब्द वेगळा करून बोलली, आणि त्याने तो तसाच पुढे दिला.

"बदलायला लागला होता म्हणते. अजून दोन-तीन वर्षांत झालाच असता. पण कॅन्सर झालेला नाही. आत खोल रुजलेला नाही. सगळा निघालाय. भिमाजीचे दोन्ही साधे."

चिमाबाई उठली, खुर्ची बूथवाल्याला परत दिली, आणि म्हणाली, "त्यांना इचारा, लंकाबाईच्या पोरांना कंदी आणू? आण्याला निरोप मी धाडते. नवसाचंच सांगते."

पुढे हनुमंताची बदली आंबेगाव तालुक्यात झाली. मळईवाल्यांचं दरवर्षी उन्हाळ्यात पुण्याला जाणं तो कल्याणीकडून ऐकत राहिला. माणसं वाढत गेली, आण्याची दोन धरून पाच झाली. कधी कुणाचा कोंब निघे, कधी काहीच निघत नसे. घोडेगावात तर त्या कडक देवाची ख्याती पसरली, आणि पोट बिघडलेली दोन परकी माणसंही नवस बोलून दवाखान्यात येऊन गेली. मॅडमना आपल्या या देवपणाचा पत्ता नव्हता.

निवृत्तीआधीचं शेवटचं वर्ष हनुमंताला परत निमगाव मिळालं. २००९च्या मे महिन्यात त्याने नव्या तलाठी प्रतीक्षा मॅडमना पदभार दिला. वह्या मोजल्या, शिक्के मोजले, मग प्रलंबित कागदांची यादी झाली. सरकारात जे कागद कुणालाच कळत नाहीत ते सगळ्यात सुरक्षित राहतात. तळाशी २००३ सालचा एक अर्ज निघाला.

"हे काय, सर? वारसनोंदीचा अर्ज, आणि अर्जदाराचीच सही?" प्रतीक्षाने विचारलं. "सहा वर्षं निकाली काढला नाही?"

तेवढ्यात दारात भिमाजी उभा राहिला. सत्तेचाळीस पूर्ण, टोपीखाली केस पिकलेले. मळईत पिकलेले केस असलेला तो पहिलाच पुरुष. त्यांचं काय करायचं हे त्याला नीट कळलं नव्हतं, म्हणून टोपी तो आता काढत नसे.

"भाऊसाहेब, सोमवारी पैल्या गाडीनं आमी पुण्याला चाललोय. आय म्हन्ती, तुमी रिटायर झालात तर तुमीबी चला. तुमचीबी एकदा नळी बघून घिऊ. जेवायचं न्हाई आदल्या दिशी, ध्यानात ऱ्हाऊ द्या. मागच्या टायमाला साळीनं चोरून शेंगा खाल्ल्या तर मॅडम कसल्या बोलल्या!"

"आई कुठे आहे?"

"घरी. आरतीला नोकरी लागली पुण्यात, तिची पिशवी भरतीय. तिलाबी पंचविशीला नळी सांगितलीय. आय आपली आत्तापासनंच दिवस मोजतीय, नातीच्या लग्नाचं नव्हं, मॅडमच्या तारखेचं."

तो गेला. प्रतीक्षा अर्ज हातात धरून तशीच उभी होती. हनुमंताने तो घेतला, पेन काढलं आणि शेरा लिहिला: *अर्जदार हयात. प्रलंबित ठेवावे.*

"किती दिवस, सर?"

हनुमंताने खाली सही केली, तारीख टाकली आणि अर्ज परत गठ्ठ्याच्या तळाशी घातला.

"तुमची बदली होईपर्यंत तरी," तो म्हणाला. "मग पुढच्याला सांगा."